जुनी तलवार दुरुस्तीस आली तर...

दसरा जवळ आला की शिकलगारांच्या दुकानांत घराघरांतल्या जुन्या तलवारी येऊ लागतात. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते, त्यापूर्वी तलवार लखलखीत झाली पाहिजे, असे गिऱ्हाइकाचे म्हणणे असते. लग्नसराईतही हेच. गिऱ्हाईक घाईत असते. कारागीर तलवार बफवर धरतो, तासाभरात पाते आरशासारखे चमकते, दोघेही खूश होतात आणि पैसे हातात पडतात.

आमच्या परिचयाच्या एका कारागिराने असेच एक काम केले. तलवार एका जुन्या घराण्याची होती. काळपट पडली होती, मुठीवर पिवळसर नक्षीच्या पुसट खुणा होत्या. त्याने ती उत्तम चमकवून दिली. पुढे त्या घरातील एक जाणकार नातेवाईक परगावाहून आले. तलवार पाहून ते खाली बसले. मुठीवरच्या पिवळसर खुणा म्हणजे सोन्याचे कोफ्तकाम होते. पाठीजवळ काही अक्षरेही होती. आता दोन्ही नव्हते. गिऱ्हाइकाने भांडण केले नाही, पण पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाही. हा कारागीर हुशार आहे, हात साफ आहे. त्याच्या मेहनतीत काही कमी नव्हते. ज्या कामाला बफ लागतच नाही त्या कामाला त्याने बफ लावला, एवढीच चूक. ती आपल्यापैकी कोणाच्याही हातून होऊ शकते, म्हणून हा लेख.

शिकलगार म्हणजे कोण?

आपल्या धंद्याचे नावच पाहू. अरबी भाषेत 'सैकल' म्हणजे घासून उजळणे. त्यावरून फारसीत 'सैकलगर' आणि त्याचे मराठीत 'शिकलगार' झाले. बादशाही आणि मराठेशाहीच्या फौजांना हा कारागीर पदोपदी लागत असे. १८७८ साली इंग्रज सरकारने शस्त्रांचा कायदा केला आणि सामान्य माणसाच्या हातातील तलवार गेली. तलवारीबरोबर तिची शिकल करणाराची रोजीही गेली. मग आपले लोक सुरी, कात्री, अडकित्ता, विळा अशा कामांकडे वळले. सुरीला घासून धार लावायची असते, ती झिजली तर नवी येते. हा हिशेब हातात पक्का बसला. जुनी तलवार मात्र या हिशेबात बसत नाही. ती झिजली की पुन्हा येत नाही. सुरीच्या कामात घासण्याचे पैसे मिळतात, जुन्या तलवारीच्या कामात वाचवण्याचे पैसे मिळतात, हे प्रथम मनात पक्के करावे.

पात्यात काय असते?

आपल्या दख्खनचे पोलाद एके काळी जगात नावाजलेले होते. आजच्या तेलंगणात निजामाबादकडील कोनासमुद्रम हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. तेथील पोलादाच्या गोळ्या विकत घेण्यासाठी इराणचे व्यापारी येत असत. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि कार्बन देणारे पदार्थ घालून ते वितळवत आणि सावकाश निवू देत. अशा पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के असते. बेताच्या तापावर ते ठोकत गेले की पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी बारीक नक्षी उमटते. हीच 'जौहर'. अल-किंदी या विद्वानाने नवव्या शतकात तलवारींच्या प्रकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या मायकेल फॅरडेने या हिंदी पोलादावर प्रयोग केले. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील व्हर्होवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार यांनी मिळून दाखवून दिले की, या पोलादात व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी सूक्ष्म अंश असतो आणि त्यामुळे कार्बनयुक्त कण रांगेत बसून ही नक्षी तयार होते.

ही माहिती कारागिराच्या कामाची अशी की, जौहर वरून काढलेली नसते, ती पोलादाच्या अंगातच असते. पाते काळे पडले तर ती झाकली जाते. बफवर घासून आरसा केला तरी ती दिसेनाशी होते. पण पाते भट्टीत लाल तापवले तर ती कायमची मरण्याचा धोका असतो. म्हणून वाकलेले जुने पाते तापवून सरळ करण्याचा विचारही मनात आणू नये. बफवरसुद्धा पाते तापते. पोलादावर पिवळी झाक येते, मग निळी येते. निळी झाक दिसली म्हणजे तेथील ताप ३०० अंशांच्या आसपास गेला आणि मूळचे पाणी उतरले असे समजावे.

पात्यावरच्या अक्षरांची किंमत सांगणारे ताजे उदाहरण आहे. नागपूरकर भोसले घराण्यातील पहिले रघुजी भोसले यांची फिरंग तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवून परत आणली. ती त्यांचीच, हे कळले कशावरून? पात्याच्या पाठीवर देवनागरीत त्यांचे नाव सोन्याने कोरलेले आहे. एखाद्याने मध्येच ती चकचकीत करण्यासाठी सराणीवर धरली असती तर ती अनेक फिरंगींपैकी एक उरली असती.

हात लावण्यापूर्वी

तलवार आली की पहिल्या दिवशी काहीच करू नये. फक्त पाहावे आणि लिहावे. पात्याच्या दोन्ही बाजू, पाठ, मूठ, परज, मुठीची वाटी, म्यान, म्यानाचे तोंड आणि टोक यांचे फोटो घ्यावेत. आजकाल मोबाइलवर हे फुकट होते. शेजारी मोजपट्टी ठेवावी. भिंग आणि तिरपा प्रकाश घेऊन अक्षरे, शिक्के, सोन्या-चांदीची तार, तडे, जुनी डागडुजी शोधावी. जे दिसेल ते पावतीवर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. 'पात्याला टोकापासून चार बोटांवर तडा आहे' हे आधी लिहिलेले असले की, 'तडा तुम्ही पाडला' असे नंतर कोणी म्हणत नाही.

तलवार नेहमी हातमोजे घालून हाताळावी. घामातील मीठ पोलादाला खाते आणि बोटांचे ठसे काही दिवसांत गंजाचे ठसे होतात. म्यानातून तलवार काढताना म्यानाची धारेकडील बाजू मुठीत कधीही धरू नये. जुन्या म्यानाची शिवण उकललेली असते, पाते तेथून बाहेर येऊन बोटे कापते. म्यान पाठीकडून धरावे.

तलवार म्यानात अडकली असेल तर ओढाताण करू नये, कारण मूठच हातात येते. चार-आठ दिवस कोरड्या खोलीत ठेवावी. पावसाळ्यात फुगलेले लाकूड आक्रसते आणि बहुतेक वेळा पाते सुटते. मग म्यानाला लाकडी मोगरीने हलके टिचके देत थोडे थोडे सरकवावे.

गंज दोन प्रकारचा

सगळा गंज शत्रू नाही. पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर नारिंगी भुकटी लागते तो गंज जिवंत आहे, तो पाते खात आहे. तो काढलाच पाहिजे. पण गुळगुळीत, काळसर-तपकिरी, फडक्याला न लागणारा थर हा तलवारीच्या वयाचा पुरावा आहे. तो पोलादाला अपाय करत नाही. तो ठेवावा. जाणकार गिऱ्हाईक तोच आधी पाहतो.

जिवंत गंज काढण्याची रीत अशी :

१) जुने तेल आणि मळ मिनरल टर्पेंटाइनने पुसावा. हे रंगाच्या दुकानात मिळते. स्पिरिट मुठीजवळ नेऊ नये. मूठ लाखेत बसवलेली असते आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

२) गंजलेल्या जागी शिलाई मशीनचे पातळ तेल लावून दोन-तीन दिवस तसेच ठेवावे. गंज मऊ होतो.

३) बांबूची चिप, हाड किंवा तांब्याचा तुकडा घेऊन गंज खरवडावा. हे सर्व पोलादापेक्षा नरम आहेत, त्यामुळे ओरखडा पडत नाही.

४) उरलेल्या गंजासाठी सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून, पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावी. कोफ्तकामावर आणि अक्षरांवर ती अजिबात लावू नये.

५) फडक्याला नारिंगी रंग लागेनासा झाला की थांबावे. खड्डे दिसत असतील तर दिसू द्यावेत. खड्डा घालवायचा तर आजूबाजूचे सगळे पोलाद खड्ड्याइतके खाली न्यावे लागते.

चिंच, लिंबू, ॲसिड, विटेची भुकटी, एमरीचा पट्टा, तारेचा ब्रश यांपैकी काहीही वापरू नये. आंबट पदार्थ गंज काढतात हे खरे, पण खड्ड्यांत शिरून बसतात आणि महिन्याभरात गंज दुप्पट करून देतात.

जौहर उठवण्याची मागणी पुष्कळ गिऱ्हाइके करतात. जुने उस्ताद त्यासाठी हिराकशीच्या जातीची खनिजे पाण्यात विरघळवून वापरत. आज फेरिक क्लोराइडचे पातळ द्रावण वापरतात. हे काम वाटते तितके सोपे नाही. प्रत्येक वेळी पोलादाचा थोडा थर जातो आणि पाते एकसारखे तयार केलेले नसेल तर डाग पडतात. ज्याने हे काम उस्तादाजवळ बसून शिकले नाही त्याने गिऱ्हाइकाच्या तलवारीवर शिकू नये. शिकायचे तर भंगारातील तुकड्यावर शिकावे.

जुन्या तलवारीला धार लावू नये. गिऱ्हाइकाने सांगितले तरी नकार द्यावा. धारेने तिची किंमत घटते आणि कायद्याची अडचणही वाढते.

मूठ

आपल्याकडील तलवारीत पात्याचे आखूड शेपूट पोकळ लोखंडी मुठीत घालून आत लाखेचे मिश्रण ओतलेले असते. मूठ हलत असेल तर बाहेरून वेल्डिंग किंवा एपॉक्सी करू नये. वेल्डिंगच्या तापाने पाते आणि कोफ्त दोन्ही जातात. एपॉक्सी भरली तर पुढच्या कारागिराला मूठ सुखरूप काढता येत नाही. लाख मात्र बेताच्या उष्णतेने मऊ होते. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने मूठ शेकावी, लाख नरम झाली की पाते सरळ बसवून निवू द्यावे आणि मूठ पूर्ण कोरडी करावी. उघडी ज्योत लावू नये. तलवार उन्हात वाळत टाकण्याची सवय याच कारणाने वाईट. उन्हात लाख ढिली पडते आणि पाते तिरके होते.

कोफ्तकाम म्हणजे लोखंडावर बारीक चिरा पाडून त्यावर सोन्या-चांदीची तार ठोकून बसवलेली असते. हा थर केसासारखा पातळ असतो. मऊ ब्रश आणि मिनरल टर्पेंटाइन एवढ्यावर त्याची सफाई संपते. चांदीचे ब्रासो नको, राख नको.

लाकडी म्यान

म्यानाकडे पुष्कळ कारागीर दुर्लक्ष करतात. 'नवे करून देतो' म्हणून जुने टाकून देतात. म्यान तलवारीच्या वेळचे असेल तर ते तलवारीच्या इतिहासाचा भाग आहे. ते दुरुस्त होत असेल तर दुरुस्तच करावे.

म्यान म्हणजे हलक्या लाकडाच्या दोन फळ्या आतून कोरून सरसाने जोडलेल्या असतात. वरून चामडे किंवा मखमल चढवलेली असते. तोंडाशी मुहनाल आणि टोकाला तहनाल या धातूच्या टोप्या असतात. तेव्हा म्यानाच्या कामात सुतार, चांभार आणि तांबट तिघांचे हुन्नर लागतात. एकट्याला सर्व येत नसेल तर शेजारच्या कारागिराला सोबत घ्यावे.

प्रथम आतील कचरा काढावा. वर्षानुवर्षांची गंजाची भुकटी आत साठलेली असते, ती एमरीसारखी पाते घासते. म्यान उलटे धरून टिचकावे, मग लांब काठीला सुती फडके गुंडाळून कोरडेच फिरवावे. आत तेल ओतू नये. लाकूड तेल पिते आणि जोड कायमचे सुटतात.

पांढरी-पिवळी ताजी भुकटी गळत असेल तर लाकडात किडा आहे. ते म्यान लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवावे आणि इतर लाकडी सामानापासून दूर न्यावे.

उकललेला जोड सांधण्यासाठी सरसच वापरावा. सरस रात्रभर थंड पाण्यात भिजवावा. दुसऱ्या दिवशी भांड्यात पाणी, त्यात दुसरे भांडे, अशा रीतीने सुमारे ६० अंशांपर्यंत गरम करावा. उकळला की त्याची पकड जाते. जुना सरस कोमट ओल्या फडक्याने पुसून काढावा, नवा पातळ लावावा आणि सुती पट्टीने बांधून एक दिवस ठेवावे. खिळा, स्क्रू किंवा तारेचा आवळा नको. बाजारातले पांढरे डिंक आणि एपॉक्सी जास्त घट्ट बसतात हे खरे. पण जुन्या कामात घट्टपणापेक्षा पुन्हा सोडवता येणे महत्त्वाचे. सरसाचा जोड पन्नास वर्षांनी कोणी कोमट पाण्याने सोडवू शकेल. एपॉक्सीचा जोड सोडवताना लाकूड फाटेल.

चामडे जुने होऊन लाल भुकटी सोडत असेल तर त्याला तेल किंवा पाणी लावू नये. काळे पडते आणि आणखी सुटते. मऊ ब्रशने धूळ काढून सुती कापडात गुंडाळून ठेवावे. मखमल फाटली असेल तर खालून त्याच रंगाच्या कापडाचा आधार द्यावा, वरून नवी मखमल चिकटवू नये.

म्यान अगदीच खिळखिळे झाले असेल तर ते जपून बांधून गिऱ्हाइकास परत द्यावे आणि वापरासाठी वेगळे नवे करावे. लाकूड चांगले वाळलेले आणि हलके असावे. आतून रंग, वॉर्निश काही नको. पाते पाठीवर आणि तोंडाशी टेकावे, धार लाकडाला लागू नये, असे कोरावे. नवे म्यान नवे म्हणूनच द्यावे. धूर-चहा लावून जुने दाखवणे ही फसवणूक आहे. जाणकाराच्या ती दोन मिनिटांत लक्षात येते आणि दुकानाचे नाव जाते.

जपणूक

काम झाल्यावर पात्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. संग्रहालये हेच वापरतात. न मिळाल्यास शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात चालतो, पण तो दर दोन-तीन महिन्यांनी पुसून पुन्हा द्यावा लागतो. खोबरेल, तीळ, मोहरी ही तेले कधीही लावू नयेत. ती चिकट होऊन सुकतात आणि धूळ धरतात.

तलवार म्यानात घालून वर्षभर ठेवू नये, हे गिऱ्हाइकाला बजावून सांगावे. चामडे आणि लाकूड ओलावा धरतात. हवेतील दमटपणा ६० टक्क्यांच्या वर गेला की लोखंड वेगाने गंजते आणि कोकणात पावसाळ्यात तो त्याहून कितीतरी वर असतो. पाते वेगळे, म्यान वेगळे, दोन्ही सुती कापडात. पात्याजवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. म्यान मात्र फार कोरडे करू नये, नाहीतर लाकूड तडकते.

कायद्याची बाजू

कारागीर बंधूंनी हा भाग दोनदा वाचावा. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालील नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवारीसारखी शस्त्रे मोडतात. घरकाम, शेती आणि उद्योगाची हत्यारे यातून वगळली आहेत. शासनाने अधिसूचना काढलेल्या क्षेत्रात अशी शस्त्रे बाळगण्यास परवाना लागतो आणि नियमांनी ठरवलेल्या प्रकारच्या शस्त्रांची विक्री-दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो. म्हणून हे काम नियमित करायचे असेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस आयुक्तालयात लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी 'चालते' यावर विसंबू नये. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सण-उत्सवात शस्त्र घेऊन फिरण्यास बंदी घातली जाते. नेमके तेव्हाच हे काम येते. तेव्हा तलवार आणण्या-नेण्याची जबाबदारी मालकाचीच ठेवावी. मालकाचे नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, तलवार त्याची असल्याचे लेखी निवेदन आणि तारीख नोंदवहीत हवी. एका वेळी दुकानात किती तलवारी आहेत आणि कोणाच्या, हे कोणी विचारताच वही पुढे करता आली पाहिजे. तपासणीला आलेला अधिकारी कारागिराची नियत पाहत नाही, कागद पाहतो.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेषांचा. तो १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी तलवार पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. कोणी परदेशी गिऱ्हाइकासाठी 'जुनी आहे, पण नवी म्हणून पावती द्या' असे म्हटले तर सरळ नकार द्यावा.

मजुरी कशी ठरवावी?

चमकेवर मजुरी ठरवली की कारागीर बफकडेच जाणार. म्हणून वेळेवर ठरवावी. पाहणीचे आणि नोंदीचे वेगळे पैसे, पात्याचे वेगळे, मुठीचे वेगळे, म्यानाचे वेगळे. दोन दिवसांत काम मागणाऱ्याला सांगावे की, हे आठ-पंधरा दिवसांचे काम आहे. दसऱ्याची तलवार श्रावणातच आणा. काही गिऱ्हाइके निघून जातील. जी राहतील ती दुसऱ्यांना घेऊन येतील.

तलवार फार मोलाची दिसली, सोन्याची अक्षरे किंवा बादशाही शिक्का दिसला, तर आपल्या हाताने काही न करता मालकाला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागाचा किंवा लखनऊच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेचा सल्ला घेण्यास सांगावे. यात आपला कमीपणा नाही. अशा कारागिरावर गिऱ्हाईक पुढच्या कामात डोळे मिटून विश्वास ठेवते.

परक्याची तलवार आपल्या दुकानात असते तोवर ती अमानत असते. आली तेव्हा तिच्यावर जे होते ते परत जाताना तिच्यावर असले पाहिजे, फक्त गंज सोडून. आमचा तो परिचित कारागीर आता हेच करतो. त्याच्या दुकानात बफ अजून आहे, तो सुऱ्या-कात्र्यांसाठी. तलवार आली की तो आधी बफचे बटण बंद करतो आणि मग नोंदवही उघडतो.